सडा रिकामा नाही

२०१६ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने दोन कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पुढच्या वर्षी चार कोटी, त्यानंतर तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी असे उद्दिष्ट चढत गेले. या मोहिमेवर टीका पुष्कळ झाली, पण ती बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: लावलेल्यांपैकी जगली किती? झाडे लावली कुठे, हे विचारणारे थोडे. सह्याद्रीपुरते बोलायचे तर हा दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. चुकीच्या जागी लावलेले रोप मेले तर नुकसान खड्ड्याचे आणि पैशाचे. ते जगले, वाढले, त्याची सावली पडू लागली, की खरे नुकसान सुरू होते.

ती चुकीची जागा म्हणजे सडा. कोकणात जांभ्याच्या उघड्या कातळाला सडा म्हणतात. घाटमाथ्यावर लोक त्याला पठार किंवा माळ म्हणतात. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण या भागांत तो समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. साताऱ्याजवळच्या कासला तो बाराशे मीटरच्या आसपास आहे. उन्हाळ्यात दोन्हीकडे चित्र तेच. तापलेला काळपट दगड, त्याच्या खाचांत वाळके गवत, एखादी खुरटी करवंदाची जाळी. मोटारीतून जाणाऱ्याला ओसाड वाटावे असेच. सामाजिक वनीकरण, कंपन्यांचा सामाजिक निधी, शाळांची हरितसेना या सगळ्यांच्या डोळ्यांत हीच जागा आधी भरते, कारण इथे कुणाचे घर मोडत नाही की पीक जात नाही. सह्याद्रीतल्या देशी वनस्पतींना आज सर्वांत मोठा धोका या ‘ओसाड’ समजुतीचा आहे, आणि ती समजूत खाणवाल्याची आणि वृक्षप्रेमीची अगदी एकसारखी आहे, एवढेच मला इथे सांगायचे आहे.

आधी सडा म्हणजे काय ते पाहू. बेसॉल्ट लाखो वर्षे कुजत-झिजत गेला, त्यातली सिलिका पावसाने धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियमने भरलेला सच्छिद्र थर मागे राहिला, तो जांभा. त्यावर माती कुठे बोटाच्या पेराएवढी, कुठे वीतभर, आणि पुष्कळ ठिकाणी नाहीच. जी आहे ती आम्लधर्मी आणि अन्नद्रव्यांना महाग. पावसाळ्याचे चार महिने हा कातळ पाण्याने निथळत असतो, उरलेले आठ महिने कोरडाठाक. मोठ्या झाडाला इथे मुळे रोवता येत नाहीत. पण झाड नाही म्हणजे सावली नाही, आणि सावली नाही म्हणूनच इथे एक वेगळीच वनस्पतिसृष्टी घडली, जी जंगलात तग धरू शकत नाही.

तिचे वेळापत्रक काटेकोर आहे. पहिल्या सरींबरोबर जमिनीखालचे कंद जागे होतात. दिपकाडीसारख्या वनस्पती पाने आणि फुले उरकून घेतात, कारण पुढे गवत वाढले की त्यांना ऊन मिळणार नसते. जुलै-ऑगस्टमध्ये साचलेल्या पाण्याच्या कडेने गेंदाची पांढरी बोंडे उभी राहतात. त्यांच्यात मिसळून सीतेची आसवे निळी-जांभळी होतात. ही नाजूक दिसणारी वनस्पती मांसाहारी आहे. तिच्या पाण्यातल्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. मातीत नत्र नाही, ते ती असे मिळवते. शेजारीच दवबिंदू आपल्या चिकट केसांवर चिलटे धरतो. उथळ तळ्यांत वायतुऱ्याचे गुलाबीसर तुरे पाण्याबाहेर येतात. १९८२ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या या वनस्पतीला साताऱ्याचे नाव दिलेले आहे, आणि घाटमाथ्यावरच्या मोजक्या पठारांखेरीज ती जगात कुठे नाही. मग तेरडा, कवला, सोनकी, आणि शेवटी गवते. ऑक्टोबर संपता संपता सगळे आवरलेले असते. मार्चमध्ये तुम्ही त्याच जागी उभे राहिलात तर तुमच्या पायाखाली शेकडो कंद आणि हजारो बिया असतात, आणि दिसत मात्र काहीच नाही.

दिसत नाही म्हणजे मेले असेही नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या अशा बासष्ट वनस्पतींची यादी केली आहे, ज्या जवळजवळ पूर्ण वाळून जातात आणि पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होतात. त्याआधी आपल्याकडे अशा वनस्पती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच माहीत होत्या. ही सहनशक्ती पेशींच्या पातळीवर कशी चालते, हे कोरडवाहू शेतीला उपयोगी पडू शकेल असे ज्ञान आहे. ज्या तुकड्यावर आपण सुबाभूळ लावायला निघालो, त्या तुकड्यावर ही प्रयोगशाळा चालू आहे.

आणि कंदीलपुष्प. भारतात या वंशाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक फक्त सह्याद्रीतल्या. फूल लांबट, खाली फुगीर, वर पाकळ्या टोकाशी जुळून केलेला पिंजरा. वासाने ओढली गेलेली बारीक माशी नळीत उतरते. आतले केस खाली वळलेले असल्याने तिला परत फिरता येत नाही. ती आत धडपडते, परागपुंज तिला चिकटतात. फूल वयात आले की केस सुकतात, फूल कलते आणि माशी सुटते, दुसऱ्या फुलात पुन्हा अडकायला. आता या व्यवस्थेतली एक कडी काढा. त्या माशीची अळी जिथे वाढते ती कुजकी ओल, ते शेण, ती डबकी नाहीशी झाली, की फुले येतील आणि शेंगा धरणार नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला वनस्पती ‘आहे’ असेच वाटत राहील. या वनस्पतींचे कंद गोडसर असतात. गुराखी पोरे खर्पुडी म्हणून उकरून खातात, रानडुक्करही खाते. हे पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि वनस्पती टिकल्या, कारण खाणारे थोडे होते आणि माळ अखंड होता. माळाचे तुकडे पडल्यावर तेच खाणे जड जाते. दोष मात्र पोरांच्या माथी येतो.

पश्चिम घाटातल्या सपुष्प वनस्पतींच्या एका मोठ्या संकलनात इथेच सापडणाऱ्या जातींची संख्या १,२७३ दिली आहे. दक्षिणेकडच्या सदाहरित जंगलांचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्याकडच्या उत्तर सह्याद्रीत पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, म्हणून इथल्या खास वनस्पतींत झाडे कमी आणि वर्षायू, कंदवर्गीय, गवते जास्त. म्हणजे आपल्या डोंगराची जी स्वतःची म्हणावी अशी श्रीमंती आहे, तीच नेमकी झाडांत मोजता येत नाही.

सरकारी दप्तराला हे कळण्याची सोय नाही. सातबाऱ्यावर सडा पोटखराब्यात जातो, उपग्रहाच्या नकाशांवर तो खडकाळ पडीक जमिनीत मोजला जातो. दोन्ही नोंदी शेतीच्या आणि महसुलाच्या दृष्टीने बरोबरच आहेत; पण पुढे सगळे निर्णय याच नोंदींवरून होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी निघाल्या, कोकणात चिरेखाणींनी सड्यांना चौकोनी खड्डे पाडले. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने आंबा-काजूला अनुदान दिले, आणि सुरुंग लावून, बाहेरून माती आणून कातळावर बागा उभ्या राहिल्या. त्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. वीस एकर सातबाऱ्यावर असून त्यात पिकत काहीच नाही, ही अवस्था ज्याने भोगली त्याला गेंद आणि दिपकाडीचे कौतुक ऐकवणे फार सोपे आहे. त्याच्यासमोर दुसरा पर्याय कुणी ठेवला नाही, ही खरी गोष्ट. राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून वाद पेटला तेव्हा कातळशिल्पांची चर्चा झाली, आंब्याची झाली, मासेमारीची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्या कातळावर पावसाळ्यात काय उगवते हा विषय मात्र कुठेतरी तळटीपेत राहिला.

पवनचक्क्यांचे उदाहरण जास्त अवघड आहे, कारण तिथे हेतू पर्यावरणाचाच. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी आढळले, आणि पक्षी कमी म्हणून सरडे जास्त दाट आणि कमी भित्रे. सरडे कीटक खातात आणि कीटकांवर फुलांचा परागवहनाचा भार असतो. पुढचा धागा, म्हणजे फुलांचे काय झाले, त्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर होता. शिवाय प्रत्येक पातीवाल्या खांबापर्यंत अवजड वाहन जाईल एवढा रस्ता लागतो. रस्त्याचा भराव पठारावरचे पाणी वळवतो, आणि या सृष्टीत पाणी कुठे बोटभर साचते आणि कुठून निथळते यावरच कोण कुठे उगवणार हे ठरते.

आता पुन्हा झाडांकडे. डोंगरउतारावर, तुटलेल्या जंगलात, ओढ्याकाठी देशी झाडे लावायला कुणाचीच हरकत नसावी. पण सड्यावर आणि गवताळ माळावर गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की एका दशकात खालचा थर बदलतो. पालापाचोळा साठतो, माती सुपीक होऊ लागते, सावली येते. सुपीकता वाढणे हे ऐकायला किती चांगले! पण सीतेची आसवे टिकून आहेत ती माती नापीक आहे म्हणूनच. माती सुधारली की रानमोडी, घाणेरी, गाजरगवत यांना दार उघडते आणि पिशव्यांनी नत्र गोळा करणाऱ्या त्या इवल्या रोपाला कुणी विचारत नाही. ट्रेकर मंडळी गडांवर बीजगोळे फेकतात, त्यांत काय बिया आहेत हे फेकणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसते. रस्त्याकडेला शोभेसाठी पेरलेला मेक्सिकोचा कॉसमॉस आता पिवळ्या-केशरी फुलांनी माळ झाकतो, आणि लोक त्यालाच रानफुले समजून फोटो काढतात.

कासने आपल्याला आणखी एक धडा दिला, तो मान्य करायला जड आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली एकोणचाळीस ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. महाराष्ट्रातली त्यांतली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासची कीर्ती त्याआधीच पसरू लागली होती. नंतर रविवारी साताऱ्यापासून वाहनांच्या रांगा लागू लागल्या. गर्दीच्या पायांखालून फुले वाचवायला पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले आणि गुरांची चराईही थांबली. हेतूत खोट काढायला जागा नाही. मग काही हंगामांनी गावकरी आणि काही अभ्यासक सांगू लागले की गवत माजते आहे, फुलांचे पट्टे विरळ होत आहेत, जनावरांच्या वाटा तुटल्या आहेत. शेवटी कुंपण हटवण्यात आले. दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, आसपासच्या गावांच्या समित्यांकडे व्यवस्था, हे उपाय त्यापेक्षा शहाणपणाचे. पण नेमकी किती चराई कुठल्या महिन्यात झाली तर गवत आटोक्यात राहते आणि कंद तुडवले जात नाहीत, याची वर्षानुवर्षांची मोजणी आधीच हाताशी असती, तर कुंपण घालून पाहायची आणि काढून पाहायची वेळ आली नसती. गवळी-धनगरांना यातले पुष्कळ ठाऊक होते. त्यांना विचारणे कुणाच्या प्रस्तावात बसले नाही.

आगीचेही तसेच. वणवा वाईट, हे आपण शाळेपासून शिकतो, आणि जंगलासाठी ते खरेच आहे. पण तळेगाव दाभाडेजवळच्या माळावरून आघारकर संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एका नव्या जातीची नोंद केली; तिचे शास्त्रीय नाव डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. ती पावसाळा संपल्यावर एकदा फुलते, आणि उन्हाळ्यात माळ जळाल्यावर खुरट्या फांद्यांवर पुन्हा फुलते. यावरून कुणी काडी लावायला निघू नये. दरवर्षी, चुकीच्या महिन्यात, सगळीकडे एकदम लावलेली आग घातकच. एवढेच लक्षात घ्यावे की मुंबई आणि पुण्याच्या मधे, जिथे भूखंडांचे दर चौरस फुटावर सांगितले जातात, तिथल्या एका माळावर विज्ञानाला अपरिचित वनस्पती एकविसाव्या शतकापर्यंत उभी होती.

संशोधनाची आपली परंपरा लहान नाही. डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ चा. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात पुरा केला आणि तो आजही क्षेत्रात काम करणाऱ्याच्या टेबलावर असतो. मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये पुण्यात संस्था उभी केली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ पासून पुण्यात आहे. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, श्रीरंग यादव यांनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पे वाढवून दाखवली, अपर्णा वाटवे यांनी सड्यांचा परिसर म्हणून विचार करायला शिकवले. नावे आणखी बरीच घेता येतील.

या परंपरेने काय साधते त्याचे उत्तम उदाहरण शिंदळ माकडी. पावसाळ्यात पाने धरणारी आणि उन्हाळ्यात नुसत्या मांसल खोडावर जगणारी ही कड्यावरची वनस्पती. जुन्नरजवळच्या हिवरे परिसरातून मिळालेल्या नमुन्यांवरून डाल्झेलने १८६४ मध्ये तिचे वर्णन केले आणि वंशाला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. पुढे ती इतकी दुर्मिळ समजली गेली की आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जगातल्या सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींत तिची गणना केली. मग क्षेत्र-अभ्यासकांनी कडे धुंडाळले. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड अशा ठिकाणी ती मिळत गेली. रोपे करणे सोपे निघाले, कारण फांदी लावली तरी ती जगते. भीती काहीशी ओसरली. शोध घेतला म्हणून दिलासा मिळाला, हे खरे. पण ती टिकली ती मुख्यतः माणसाचा हात पोचत नाही अशा कपारीत राहिल्याने. सपाट सड्यावरच्या वनस्पतीला असा कडा नाही.

उलट बाजूचे उदाहरण नरक्या या झाडाचे. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. वाणी मूळचे नंदुरबारचे. १९७२ मध्ये तेच द्रव्य आपल्या नरक्यात, आणि भरपूर प्रमाणात, असल्याचे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले. त्यावर आधारलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ही मानवजातीवर उपकार करणारी साखळी आहे, यात शंका नाही. पण तिचे दुसरे टोक कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या रानात होते. तिथे नरक्या मुळासकट तोडला गेला, लाकडाचे तुकडे पोत्यांत भरून रातोरात घाट उतरले. तोडणाऱ्याच्या हातात पडले ते मजुरीचे पैसे. प्रयोगशाळेत द्रव्य सापडणे आणि रानात झाडाला संरक्षण मिळणे यांत जो काळ जातो, तो व्यापाऱ्याचा असतो. नव्या वनस्पतीची नोंद नकाशावरच्या नेमक्या ठिकाणासह छापणाऱ्यांनी आणि फोनमधल्या फोटोसोबत स्थळही जगाला कळवणाऱ्या हौशींनी हे ध्यानात ठेवावे. ऑर्किड आणि कंदीलपुष्पे कुंडीत हवी असलेली माणसे पुष्कळ आहेत.

आजच्या संशोधनाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. नवी जात सापडली की शोधनिबंध होतो, बातमी होते, बढतीला गुण मिळतात. तीच जात त्याच जागी दहा वर्षांनी किती उरली हे मोजण्याला यांतले काहीच मिळत नाही. प्रकल्पाची मुदत सहसा तीन वर्षे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी २०१६ मध्ये फुलली, ती पुन्हा २०२४ मध्ये. दोन बहरांच्या मधल्या काळात दोन प्रकल्प मंजूर होऊन, अहवाल देऊन, बंदही होऊ शकतात, आणि त्यांतल्या कुणालाही फूल दिसणार नाही. हवामान बदलाच्या बाबतीत तर अशी सलग मोजणी नसणे आत्मघाताचे आहे. हिमालयात उष्मा वाढला की वनस्पती वर सरकतात, असे म्हणता तरी येते. सह्याद्रीचे महाराष्ट्रातले सर्वोच्च टोक कळसूबाई, १,६४६ मीटर. पठारावरची वनस्पती आधीच माथ्यावर आहे; तिच्या वर फक्त आकाश.

बागेत वाढवू, पेढीत बिया ठेवू, असे उत्तर यावर मिळते. विद्यापीठांच्या बागांनी केलेले काम मोलाचे आहे आणि काही जातींच्या बाबतीत शेवटचा आधारही. पण कुंडीतल्या कंदीलपुष्पाला त्याची माशी मिळत नाही, वायतुऱ्याला डबके आटण्याचा तो ठरावीक पंधरवडा मिळत नाही. आणि खाणीच्या प्रस्तावात ‘दुर्मिळ वनस्पतींचे स्थलांतर करू’ हे वाक्य आले की सावध व्हावे. कंद हलवता येतील. लाखो वर्षांत बनलेला कातळ, त्याचे खळगे, त्यातून निथळणारे पाणी कुठल्या ट्रकमध्ये भरणार?

कायद्याचा आधारही तोकडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींचे प्रकरण आले १९९१ च्या दुरुस्तीने, आणि तेव्हा अनुसूचीत जागा मिळाली अवघ्या सहा नावांना. २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयी गाडगीळ समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटाचा. त्यानंतर संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. जुलै २०२४ मध्ये निघाला तो सहावा. त्यात ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी महाराष्ट्राचे १७,३४०. दुसरीकडे ‘नवे महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पाचा आराखडा सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या २३५ गावांपासून सुरू झाला. जैवविविधता कायद्याखालच्या लोकनोंदवह्यांकडून आशा होती, कारण गावाने आपल्या सड्याची नोंद स्वतः करावी अशी त्यात सोय आहे. हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि दंडाची तंबी दिल्यावर त्या ज्या घाईने भरल्या गेल्या, त्याबद्दल न बोललेले बरे.

या सगळ्यांत एक तरतूद मात्र मला अधिक अस्वस्थ करते, कारण ती कुणाच्या चर्चेत नसते. मोठ्या खाणीला किंवा प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी पर्यावरणीय आघाताचे मूल्यांकन करावे लागते. त्यासाठी हवा, पाणी, आवाज, माती आणि वनस्पती-प्राणी यांची पायाभूत माहिती गोळा करायची असते. खाणींसाठीच्या केंद्रीय मंत्रालयाच्या प्रमाण कार्यकक्षेत ही माहिती एका हंगामाची, आणि तो हंगाम पावसाळ्याव्यतिरिक्तचा असावा, असे लिहिले आहे: मार्च ते मे, किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर, किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी. हवेतल्या धुळीसाठी हे समजण्यासारखे आहे, कारण पावसात धूळ बसते आणि प्रदूषण कमी दिसते. पण त्याच वाक्यात वनस्पतीही बसवल्या गेल्या. परिणाम असा की सल्लागार एप्रिलमध्ये सड्यावर जातो, करवंद आणि वाळके गवत पाहतो, आणि ‘उल्लेखनीय वनस्पती आढळल्या नाहीत’ असे लिहितो. तो खोटे बोलत नाही. नियमाने त्याला ज्या महिन्यात पाठवले, त्या महिन्यात त्या खरोखरच दिसत नाहीत.

पठारांच्या बाबतीत वनस्पतींची पाहणी धुळीपासून वेगळी काढावी आणि ती जूनअखेर, ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशा तीन खेपांत व्हावी. कंद, पाणवनस्पती आणि गवते यांना प्रत्येकी एकदा तरी गाठता येईल एवढाच त्यामागचा हिशेब. वृक्षलागवडीची जागा ठरवतानाही हीच अट हवी: पावसाळ्यात पाहिल्याशिवाय कुठल्याही सड्यावर खड्डा नाही. कार्यकक्षेतली दुरुस्ती संसदेत न्यावी लागत नाही, तिला मंत्रालयाचा एक आदेश पुरतो. लागवडीची अट तर राज्याचा वनविभाग स्वतःच घालू शकतो, येत्या हंगामाच्या रोपवाटिकांना मागणी जाण्याआधी.